दिवेकरणीची नजर

"माझ्या नाकाकडं बघायचं. फक्त नाकाकडं. आणि माझी बोटं दिसली की सांगायचं," गोगटे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी त्यांच्या नाकाकडं बघितलं. नाक टोचलेलं होतं, पण त्यात चमकी नव्हती. शाळेच्या व्हरांड्यात आम्हां मुलींची रांग लागली होती. उंचीसाठी भिंतीवर खडूनं रेघा मारल्या होत्या आणि माझी रेघ लताच्या रेघेच्या बरीच खाली आली होती. लता माझी चुलतबहीण, माझ्याहून लहान.

"दिसली?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई, बाई."

बोटं त्यांच्या गालाजवळ आली तेव्हा कुठं मला दिसली. "दोन," मी म्हटलं. मग दुसऱ्या बाजूनंही त्यांनी तसंच केलं. तिकडंही बोटं गालाजवळ येईपर्यंत दिसली नाहीत.

रांगेतल्या मुली हसायला लागल्या. लता म्हणाली, "बाई, ती दिवेकरीण हाय. ती बाजूला बगतच न्हाई!"

"म्हणजे?"

"मला सवय हाय, बाई," मी म्हटलं. "बाजूचं बघायचं नसतं." हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

आमच्या वाकेघोलला निनाईचं देऊळ आहे आणि पूजा आम्हां गुरवांकडं. नवरात्रात रोज दिवेलागणीला खालच्या बारवेपासून देवळापर्यंत दिवा चढतो. ताम्हणात तांदूळ, तांदळावर मातीचा दिवा. तो नेणारी गुरवाच्या घरातली कुमारीच लागते, न्हाण न आलेली. तिला दिवेकरीण म्हणतात. दिवा ठेवेपर्यंत तिनं ज्योतीवरची नजर काढायची नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना गाव उभं राहतं आणि पोरंसोरं तिची नजर हलवायला बघतात; तशी त्यांना मुभाच असते. न्हाण आलं की दिवेकरणीला हिरवं लुगडं, हिरवा चुडा मिळतो आणि दिवा दुसरीकडं जातो. बाराव्या-तेराव्या वर्षाच्या पुढं सहसा कुणाकडं राहिला नव्हता. माझं चौदावं सरत आलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. डोकं दुखतं का? सकाळी दुखतं. उलटी होते? कधीमधी. पाणी किती पितेस?

"घागर पिती ही!" लता तिथूनच ओरडली. "रांजणापाशीच हातरूण टाका म्हंती आमची आई."

"पाळी?" बाईंनी आवाज खाली घेतला.

"न्हाई आली. म्हणून तर दिवा माझ्याकडं हाय."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि माझ्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिल्या.

त्याच संध्याकाळी त्या घरी आल्या. पितृपंधरवडा चालू होता आणि आमच्याकडं त्या दिवशी म्हाळ झाला होता. थोरले आबा, माझे चुलते, लताचे वडील, सोप्यात बसून पान लावत होते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून देऊळ, घर आणि आम्ही मायलेकी, सगळं आबांच्या हातात होतं. ते वाईट नव्हते. म्हाळाची खीर स्वतःच्या वाटीतली काढून माझ्या वाटीत घालायचे.

"हिला मिरजेला न्यायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि लवकर."

"झालंय काय तिला? ताप न्हाई, खोकला न्हाई."

बाई पाटावर बसल्या. सावकाश, शाळेत शिकवावं तसं सांगू लागल्या. "मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, आबा. पोर वयात यायला लागली की ती अंगाला निरोप धाडते, आता मोठं व्हा. हाडं वाढतात, अंग भरतं, पाळी येते. पोरांना मिसरूड फुटतं, आवाज फुटतो. नुसतं अंगच नाही, मनही बदलतं, उगाच रडू येतं, उगाच राग येतो. हिला तो निरोप पोचलेलाच नाही. आणि त्या ग्रंथीच्या वरूनच डोळ्यांच्या नसा जातात. तिथं एखादी गाठ वाढत असली तर अंगाची वाढही खुंटते आणि बाजूचं दिसायचंही बंद होतं. हिच्यात मला दोन्ही दिसतंय."

आबांनी पानाला चुना लावला. "बाई, तुमी शिकल्याली माणसं. पर निरोप निनाई धाडती. तिनं धाडला न्हाई, कारण तिला ही पोर अजून हवीय."

"हिच्या डोळ्यांचा प्रश्न आहे."

"डोळं? अवो, असली नजर ह्या गावात कुणाची झाली न्हाई. गेल्या साली पोरांनी तिच्या कानाशी डबा बडीवला. पापणी हलली न्हाई."

दाराआडून आई बोलली. आबांसमोर ती कधी बोलत नसे, म्हणून तिचा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आबा, एकडाव नेऊन आणू का? सकाळच्या यष्टीनं जाते न् माघारी येते."

"पंधरवड्यात?" आबांनी मान वळवली नाही. "पितरांच्या दिसांत नव्या कामाला पाय उचलायचा? आनी घट बसलं की दिवेकरणीला शीव वलांडता येत न्हाई, ठावं हाय न्हवं? सोनं लुटलं की खुशाल न्या. मी सोता येतो संगं."

"दसऱ्यापर्यंत थांबू नका," बाई म्हणाल्या.

"बाई, न्हेली तर दिवा कोण धरील? लताला सरावणात न्हाण आलं. दुसरी पोर न्हाई घरात. खालच्या आळीची भावकी टपून बसलीया. आज दिवा मागतील, उद्या देऊळ मागतील." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "इतकी वर्सं गेली. पंधरा-वीस दिसांनी काय हुतंय?"

डॉक्टरीणबाई उठल्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून आईला म्हणाल्या, "मी आरोग्य केंद्रावर आहे. कधीही या."

मला काय वाटत होतं, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मला मोठं व्हायचंय. श्रावणात लताला मखरात बसवलं होतं. हिरवं लुगडं नेसून, ओटीत नारळ घेऊन ती बसली आणि बायका तिला ओवाळत होत्या, तेव्हा मी खांबाशी उभी राहून बघत होते. त्यानंतर ती माझ्याशेजारी निजेनाशी झाली. आरशापुढं उभी राहायची, आणि तिची आई रागावली की धान्याच्या कणगीमागं जाऊन रडायची.

"का रडतीस गं?" मी एकदा विचारलं.

"ठावं न्हाई."

"मग रडतीस कशाला?"

"तुला न्हाई कळायचं, शाले. तू ल्हान हाईस."

मी तिच्याहून थोरली. त्या दिवशी मी कणगीमागं बसून रडून बघितलं. मला रडू आलं नाही.

सर्वपित्रीच्या दिवशी सकाळी आईनं मला हलवून उठवलं. "उठ. आवाज करू नको." तिच्या हातात पिशवी होती. आबा नदीवर गेले होते. आम्ही परड्यातून निघून पांदीनं फाट्यावर आलो. चालताना मी बाभळीच्या कुंपणाला धडकले; आईनं हात धरला तो मग सोडला नाही. बाजूला मला काहीच दिसत नव्हतं. समोरची वाट तेवढी दिसायची, वेळूच्या नळीतून बघावं तशी.

फाट्यावर तीन-चार बायका भाजीच्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतली कुंभाराची गोदामावशी मला बघून पाटी खाली ठेवून आली आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. "आई माजे! आज दर्शन दिलंस." मग आईकडं बघून म्हणाली, "कुठं गं निघालाय?"

"मिरजेला. दवाखान्यात."

"आज? अवशेला? उद्या घट बसायचं, आनी दिवेकरीण गाव सोडून चालली?"

बाकीच्या बायका जवळ आल्या. कुणी रागावलं नाही. रागावल्या असत्या तर आईला बळ आलं असतं, असं मला पुढं वाटायचं. त्या काकुळतीला आल्या होत्या. एक म्हणाली, "वैनी, माझी सून दिस भरून बसलीया. असलं काई करू नगा." दुसरी म्हणाली, "दाल्ला गेला तुमचा, आता पोरीनं देवीबी सोडायची?"

आई यष्टीच्या वाटेकडं बघत राहिली.

यष्टी आली. कंडक्टरनं दार उघडलं. त्यानं माझ्या पायाशी वाकलेल्या बायका बघितल्या. "मावशी, चढताय का? का दर्शनाला गाडी लावू हितंच?"

गाडीतली माणसं हसली. आईनं माझा हात आवळला. तिचा एक पाय पायरीवर गेला होता, हे मला नक्की आठवतं, कारण तिची टाच माझ्या डोळ्यांसमोर होती, भेगा पडलेली. मग तो पाय खाली आला.

"जाऊ द्या गाडी," आई म्हणाली.

घरी परतताना ती एकदाच बोलली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. काय वाट्टेल ते झालं तरी."

दुसऱ्या दिवशी घट बसले.

मी उपवास धरला, मौन धरलं. संध्याकाळी बारवेवर डोक्यावरून पाणी घेतलं. आबांनी दिवा लावून ताम्हण माझ्या हातात दिलं आणि घंटा वाजवत पुढं चालू लागले. दोन्ही अंगांनी पोरांचा कालवा सुरू झाला.

"शाले, खांद्यावर पाल!"

"उजवीकडं बग की, तुजा नवरा आलाय! टकल्या हाय!"

"आरं, न्हाई बगायची. दगुड हाय ती!"

पहिल्या वर्षी मी दिवा नेला तेव्हा नजर ज्योतीवर असूनही पोरांचे सदरे, वाकुल्या, हवेत हलणारे हात, सगळं कडेनं दिसायचं. न बघणं तेव्हा कठीण होतं. हसू आवरायला मी जीभ चावायची. आता काही आवरावं लागत नव्हतं. ज्योत होती आणि भोवती काळोखाचं कडं होतं. पोरांचे नुसते आवाज यायचे, विहिरीत उतरलेल्याला वरून यावेत तसे. मला वाटायचं, ही माझी भक्ती वाढते आहे. बायका एकमेकींना म्हणायच्या, "नजर बगा पोरीची. चित्रातली जनू."

ते कडं दर संध्याकाळी थोडं आत सरकत होतं. मी मौनात होते. कुणाला सांगणार?

खंडेनवमीला सकाळी डोक्यात कुऱ्हाड बसावी तसं दुखू लागलं. मी परसात ओकले. आई म्हणाली, "आज नको. आबा, पाया पडते, आज नको." थोरल्या आईनं, लताच्या आईनं, माझ्या कपाळावर चंदनाचा लेप लावला आणि म्हणाली, "आजचाच दिवस हाय, बाळा. शेवटचा."

संध्याकाळी बारवेपासून देवळापर्यंत मी कशी चालले ते मला आठवत नाही. पायऱ्या मात्र आठवतात. देवळाच्या पायऱ्या चढत होते आणि ज्योत लहान होत होती. मोहरीएवढी झाली. मग गेली.

मी थांबले. मौन मोडून म्हटलं, "दिवा विझला."

पोरांचा कालवा थांबला. दिवेकरणीच्या हातात दिवा विझणं म्हणजे काय, हे तिथं तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

"न्हाई गं," आबांचा आवाज आला. "जळतोय की."

"विझला, आबा."

"शाले, जळतोय!" लता रडत ओरडली. "चांगला जळतोय, बग की!"

मी एका हातानं ताम्हण सावरलं आणि दुसरा हात पुढं केला. तळवा भाजला. तेल सांडून मनगटावर आलं.

तेव्हा आईनं किंकाळी फोडली. "तिला दिसत न्हाई! माझ्या पोरीला दिसत न्हाई!"

कुणीतरी आईला धरलं असावं, कारण तिचा आवाज तिथंच राहिला, जवळ आला नाही. आबांनी माझं कोपर धरलं. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "दोनच पायऱ्या ऱ्हायल्यात, बाळा. ठेव दिवा. मग लगी जाऊ मिरजेला." आणि त्यांनी मला धरून वर नेलं, वाकवलं, माझ्या हातांनी दिवा देवीपुढं ठेववला.

चांगभल्याचा गजर झाला. एवढा मोठा गजर मी आमच्या गावात आधी कधी ऐकला नव्हता, आणि पुढंही ऐकला नाही.

मिरजेला आम्ही त्याच रात्री निघालो. आबांनीच जीप केली. मेंदूच्या बुडाशी सुपारीएवढी गाठ निघाली. ती कॅन्सरची नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, पोरगी जगेल. डोळ्यांच्या नसा मात्र वाळून गेल्यात.

आईनं विचारलं, "महिन्याभरापूर्वी आणली असती तर, डाक्टर?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चपलांचा. मग दार लागलं.

गोगटे डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. बराच वेळ माझा हात हातात धरून बसल्या. मी म्हटलं, "बाई, आता बोटं धरा की." का म्हटलं कुणास ठाऊक, थट्टा करावी असं वाटलं असेल. त्या उठून गेल्या.

पुढं अंगाला निरोप गोळ्यांनी पोचवला. एकोणिसाव्या वर्षी मला न्हाण आलं. मखर झालं नाही, कुणाला बोलावलं नाही. आईनं पेटीतून हिरवं लुगडं काढलं आणि मला नेसवलं. लताच्या लुगड्याच्या जोडीचंच ते होतं, माझ्यासाठी तेव्हाच घेऊन ठेवलेलं. मी पदर चाचपत विचारलं, "रंग कसा हाय?"

"हिरवागार," आई म्हणाली. निऱ्या बांधताना तिचे हात थांबले आणि ती माझ्या पोटावर डोकं टेकून बसली. मी तिच्या केसांवर हात ठेवला. मला लताचं म्हणणं आठवलं, "ठावं न्हाई." त्या दिवशी मला रडू आलं, आणि का येतंय ते ठाऊक होतं.

आई गेली. आबाही गेले. शेवटच्या दिवसांत मी त्यांचे पाय चेपत बसायची. एकदा त्यांनी विचारलं, "शाले, त्या सांजंला निनाई दिसली न्हवं तुला? म्हणून डोळं घेतलं न्हवं तिनं?" मी पाय चेपत राहिले. ते "हां, हां," म्हणाले आणि निवांत झोपले. गाव तेच सांगतं. आता परगावची माणसंही सांगतात.

मी रोजचे नेम करते. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, दिवा लावल्याशिवाय घोट घेत नाही. वात लागली की नाही हे तळव्याला कळतं. देवीकडं मी काही मागत नाही आणि तिला काही विचारतही नाही. तिनं मला कधी काही सांगितलं नव्हतं. सांगायची ती माणसंच.

दिवा अजून आमच्याच घरात आहे. यंदा दिवेकरीण आहे आरोही, लताच्या भावाची, बापूची नात. तेरावं सरलंय तिचं, अजून न्हाण नाही. काही पोरींना उशिरा येतं, हे मलाही ठाऊक आहे. घट बसायच्या आदल्या दिवशी दिवेकरणीला आशीर्वादासाठी माझ्याकडं आणतात. तशी काल संध्याकाळी बापूनं तिला आणली आणि तो बाहेर जाऊन बसला.

ती पाया पडली. मी तिला समोर बसवलं, चेहरा चाचपला. गाल अजून लहान मुलीचे होते.

"डोकं दुखतं का गं?"

"दिवेकरणीनं रडगाणं गायचं नसतं, आजी."

"बरं. माझ्या नाकाकडं बघ. फक्त नाकाकडं." मी हात लांब कानापाशी नेला आणि दोन बोटं उभी केली. "किती बोटं?"

ती बोलली नाही.

मी हात थोडा पुढं आणला. "आता?"

गप्पच.

"आरू, दिसत न्हाईत का, बाळा?"

"आजी," ती समजूत काढावी तशी म्हणाली, "बाजूचं बघायचं नसतं. बघितलं तरी सांगायचं नसतं. तुम्हीच न्हाई का, डबा बडवला तरी पापणी हलवली न्हाई?"

"हे वेगळं हाय. मला सांग. माझ्यासाठी सांग."

"उद्यापासून घट हायत, आजी. मला सवय करू द्या."

बाहेर बापू कुणाला तरी सांगत होता, "शालनआक्काची नजर उतरलीया पोरीत. हलत न्हाई बगा."

माझा हात तसाच हवेत होता. तो अजून कुठवर आणावा, मला कळेना.